भीतीचा पैरा

सैनिक कधीही निवृत्त होत नाही. हे वाक्य मी आमच्या तालुक्यातल्या इतक्या व्यासपीठांवरून ऐकलं आहे, की आता ते कानावर पडताच मान आपोआप गंभीर होऊन खाली जाते. माझा धाकटा भाऊ सैन्यातून घरी आला त्या दिवशीही दोन वक्त्यांनी ते म्हटलं, दुसऱ्यानं जरा जास्त थांबून. भाऊ शेजारीच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. निवृत्त होऊन त्याला आठवडा झाला होता आणि पेन्शनचे कागद त्याच्या मांडीवरच्या पिशवीत होते.

माझं माहेर मेढ्यापासून वर चढत गेलं की लागतं. गावात बहुतेक घरांतला एखादा माणूस फौजेत असतो, त्यामुळे फौजी परतला की काय करायचं याची पद्धत ठरलेली आहे. उघडी जीप, पुढे डीजे, वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत मिरवणूक, औक्षण, भाषणं, शाल, नारळ. वेशीवर फ्लेक्स लागतो. भावाच्या फ्लेक्सवर तो गणवेशात डाव्या कोपऱ्यात होता आणि तरुण मंडळाचे अध्यक्ष उजवीकडे, कमरेपासून वर, साधारण दुप्पट आकाराचे. अध्यक्षांनी आयुष्यात कधी बंदूक हातात घेतलेली नाही, पण फ्लेक्सवर ते बोट पुढे करून कुणाला तरी आदेश देत होते.

मिरवणूक देवळाजवळ आली तशी पोरांनी रस्त्यावर फटाक्यांची लांबलचक माळ अंथरून पेटवली. जीप थांबली. भाऊ खाली उतरला आणि त्या फुटणाऱ्या माळेवरून, अजिबात घाई न करता, सरळ चालत पलीकडे गेला. पँटचा काठ जळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या; सगळ्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. मला खटकला तो त्याचा चेहरा. दिवसभर, ओवाळताना, हार घालून घेताना, तो आवळून धरलेला होता. त्या धुरात आणि आवाजात तो पहिल्यांदा सैल झाला.

मग अध्यक्षांनी माझ्या भावजयीचा सत्कार पुकारला. "आता वीरपत्नींचा सन्मान होईल," असं ते माइकवर म्हणाले. ज्या बायकांच्या नवऱ्यांचे फोटो हार घालून भिंतीवर टांगलेले असतात, त्यांना वीरपत्नी म्हणतात, हे अध्यक्षांच्या ध्यानात आलं नसावं. भावजयीच्या आलं. तिनं आधी वळून नवरा खुर्चीत आहे ना ते पाहिलं आणि मग नारळ घेतला.

भावजयीबद्दल इथेच सांगून टाकते. ती भित्री आहे आणि तिला त्याची लाज वाटत नाही. पालीला भिते, लिफ्टला भिते, गॅसची टाकी बदलायला शेजारणीला बोलावते. एसटीनं घाट उतरताना ती डोळे मिटून बसते आणि तरीही तिला उलटी होते. नवरा सरहद्दीवर असताना तिनं सतरा वर्षं भिण्याचं काम पूर्णवेळ केलं. तो घरी आला म्हणजे आता या कामातून सुटका, असं तिला वाटत होतं.

झालं उलटंच. वर्षभरात गावाच्या लक्षात आलं की हा माणूस कशालाच नाही म्हणत नाही. डीपीचा फ्यूज उडाला, खांबावरची तार निसटली, की पूर्वी वायरमनची वाट पाहावी लागे, आणि त्याच्याकडे एकट्याकडे बरीच गावं होती. आता लोक भावाला हाक मारू लागले. हातमोजे नाहीत, काही नाही, तो सरळ वर. शाळेमागच्या पाण्याच्या टाकीला आग्या मोहोळ लागलं, तर हा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात टाकीवर चढला. नंतर दोन दिवस तापात होता. कुणाच्या विहिरीत मोटारीच्या पाइपाची जाळी गाळानं भरली, की ती काढायला हा बुडी मारायचा, आणि किती वेळ खाली राहतो यावर काठावर पैजा लागायच्या. तो खांबावर चढत असताना कुणीतरी त्याचं रील केलं, मागे देशभक्तीचं गाणं घातलं. ते साताऱ्यापर्यंत फिरलं. थोडक्यात, त्याला जे काही झालं होतं त्याचा गावाला फार उपयोग होता.

मी सांगलीत, विश्रामबागेत राहते. तिथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझी नोकरी झाली. या विषयावर काही वाचलेलं होतं: लढून परतलेल्या माणसांना घरची शांतता सोसत नाही, आणि ती धोका शोधत फिरतात, वगैरे. वाचलेलं माणसाला सांगायला गेलं की ते किती पोकळ वाटतं, हे दिवाळीत माहेरी गेले तेव्हा कळलं. भाऊ अंगणात बसून दाढी करत होता.

"खांबावर कशाला चढतोस रे?" मी विचारलं.

"लाईट जाती म्हणून."

"त्याला वायरमन असतो."

"त्यो उद्या येतो. मी आज असतो."

"आणि तुला काही झालं तर?"

"आक्का, तू पुस्तकं लय वाचलीस." त्यानं गाल ताणून वस्तरा फिरवला. मग आरशात बघतच म्हणाला, "वर गेलं की डोकं गप हुतं. खाली ते गप न्हाई बसत."

हे वाक्य मला कुठल्याही पुस्तकापेक्षा स्पष्ट वाटलं, पण त्याचं पुढे काय करायचं ते ना त्याला माहीत होतं ना मला. भावजय आतून चहा घेऊन आली आणि तिनं तो आरशासमोर आदळला.

तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते पुढच्याच आठवड्यात दिसलं. अध्यक्षांच्या घरी पूजा होती आणि ऐन पूजेत दिवे गेले. भावाला बोलावणं आलं. तो खांबावर चढला, कुठं काय लागलं कुणास ठाऊक, झटका बसून खाली फेकला गेला. खाली शेणखताचा ढीग होता. दगड असता तर मी हे वेगळ्या सुरात लिहीत असते. डावा तळहात भाजला, खांदा दुखावला, बाकी काही नाही. दिवे मात्र लागले होते. त्यामुळे मंडळानं त्याचा पुन्हा सत्कार ठरवला.

सत्काराला मी मुद्दाम राहिले. देवळापुढच्या कट्ट्यावर अध्यक्ष बोलले. मृत्यूनंही ज्याच्यापुढे शरणागती पत्करली, असं ते म्हणाले. शेणखताचा त्यांनी उल्लेख टाळला. भावाच्या हाताला पट्टी असल्यानं नारळ माझ्याकडे दिला. मग रीत म्हणून अध्यक्ष म्हणाले, वहिनींनीही दोन शब्द बोलावेत. बायका अशा वेळी पदर सावरून नको म्हणतात, असा सगळ्यांचा अनुभव होता. भावजय उठली आणि माइकशी जाऊन उभी राहिली.

"आमच्या ह्यांनी अध्यक्षांच्या घरची लाईट लावली," ती म्हणाली. "चांगलं काम केलं. आता पैरा फेडायचा ऱ्हायला."

लोक थोडे हसले. इथे परगावच्या वाचकासाठी सांगायला हवं. आमच्याकडे भाताच्या लावणीला मजूर मिळत नाहीत, म्हणून पैरा करतात. आज तुमच्या घरची माणसं आमच्या वाफ्यात, उद्या आमची तुमच्या. यात पैसे देत नाहीत. कुणी देऊ केले तर तो अपमान धरतात. लावणीचा पैरा लावणीनं फिटतो, कापणीचा कापणीनं. आणि गावात माणूस कर्ज बुडवून ताठ मानेनं फिरू शकतो, पण पैरा बुडवला तर त्याच्या बांधावर दुसऱ्या वर्षी कुणी फिरकत नाही.

"आमच्या हिरीची जाळी भरलीया," भावजय पुढे म्हणाली. "ह्यांचा हात भाजलाय. तवा उद्या सकाळी अध्यक्षांनी यावं आन् बुडी मारून ती काढून द्यावी."

आता सगळे मोकळे हसले. अध्यक्षही हसले. "वहिनी, मला पोहायला येत न्हाई."

"ह्यांनाबी खांबावर चढायला येत न्हाई. चढत्यात नुसतं."

"गडी लावून देतो की काढून."

"पैरा गड्यानं फिटतो व्हय? तुमच्याच आईला इचारा, फुडं बसल्याती."

अध्यक्षांच्या आई खरोखरच पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी मुलाकडं न बघता मान हलवली, आणि हसणं थांबलं. भावजयीनं मग बाकीच्यांकडं मोर्चा वळवला. आवाज कापत होता, कारण तिला माइकचीही भीती वाटते. "आजपास्नं हेच. ह्यांना ज्यानं खांबावर चढवलं, त्याच्या घरचा गडी आमच्यासाठी खांबावर. ज्यानं हिरीत उतरवलं, त्यो आमच्या हिरीत. मी कुनाचं फुकट ठेवनार न्हाई, आन् माझंबी कुनी ठेवू नका."

भाऊ खुर्चीत अस्वस्थ झाला होता. "आगं, बास की," तो हळूच म्हणाला. ती बसली. शाल त्याच्या खांद्यावरून घसरून खाली पडली होती आणि ती कुणी उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष विहिरीवर आले. हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवते, कारण ते न येण्याची बरीच शक्यता होती. हाफ पँट, गळ्यात टॉवेल, काखेखालून दोर, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला भाऊ स्वतः, उजव्या हातानं. काठावर अर्धं गाव. अध्यक्ष पायऱ्या उतरले, गुडघाभर पाण्यात थांबले, आणि पाण्याकडे बराच वेळ बघत राहिले. बोट पुढे करून आदेश द्यायला तिथे कुणी नव्हतं.

"लय खोल हाय रं," ते म्हणाले.

"व्हय," भाऊ वरून म्हणाला. "आन् गार."

अध्यक्ष आणखी एक पायरी उतरले. मग तोंड वर करून म्हणाले, "तुला भ्या न्हाई वाटत?"

भावानं दोर आखडून घेतला आणि त्यांना वर काढलं. जाळी नंतर गळ टाकून, काठावर उभं राहूनच काढली. ती तशी निघते, हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं; वेळ लागतो इतकंच.

त्या दिवसापासून हाका बंद झाल्या. कुणी ठराव केला नाही. एखाद्या घरी दिवे गेले की घरातला कर्ता माणूस खांबाकडे बघायचा, मग आपल्या पोराकडे बघायचा, आणि वायरमनला फोन लावायचा. वायरमन दुसऱ्या दिवशी यायचा. गाव एक रात्र मेणबत्तीवर काढायला शिकलं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण धोका घरी येईना म्हटल्यावर भाऊ त्याला शोधायला बाहेर पडू लागला. त्याच्याकडे मोटारसायकल होती. मेढ्याकडे उतरताना इंजिन बंद करून गाडी सोडायची, वळणावर एसटीला मागं टाकायचं, समोरून ट्रक दिसला की शेवटच्या क्षणी आत घ्यायचं. ओळखीचे एसटी ड्रायव्हर भावजयीला सांगायचे. एकानं तर हात जोडून सांगितलं, "वैनी, त्यांचं न्हाई, माझं बघा. मला बीपी हाय."

भावजयीनं रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, किल्ली डाळीच्या डब्यात लपवली. शेवटी तिनं एक निर्णय घेतला, आणि तो मला फोनवर कळवला तेव्हा मला वाटलं, आता माहेरी दोन रुग्ण झाले. "वन्सं, मी मागं बसनार," ती म्हणाली. "गाडीला किक बसली की मी मागं. जातील तितं."

मी तिला एसटीतल्या उलट्यांची आठवण करून दिली.

"पिशवी घिऊन बसते," ती म्हणाली.

पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे ते जुळतं. पहिल्या दिवशी तो तिला हसला आणि नेहमीसारखा निघाला. ती एका बाजूला पाय सोडून बसली होती, एक हात त्याच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात पिशवी. पहिल्या वळणावर तिची नखं त्याच्या खांद्यात रुतली. दुसऱ्या वळणावर तिचा श्वास थांबलेला त्याला पाठीवर कळला. ती ओरडली असती तर त्यानं मनावर घेतलं नसतं. ओरडणं त्यानं आयुष्यात पुष्कळ ऐकलं होतं. ती नुसती थरथरत होती. तिसऱ्या वळणाआधी त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"मला भ्या न्हाई वाटलं, आक्का," तो मला म्हणाला. "पर तिचं भ्या मला कळत हुतं. शर्टातनं."

मेढ्यात ते चहाला थांबले. त्यानं विचारलं, "एवढं भ्या वाटतंय तर बसलीस कशाला?"

ती म्हणाली, "तुमी भ्यायचं इसारलाय. तुमच्या वाटचंबी मी भिती हाय. हा पैरा हाय. कवा फेडनार ते बगा."

त्यावर तो काय म्हणाला, हे दोघंही सांगत नाहीत. परत येताना मात्र गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, आणि ज्या ड्रायव्हरला बीपी होतं त्याची एसटी हॉर्न वाजवत त्यांना मागं टाकून गेली. पुढच्या आठवड्यात भावाचा मला फोन आला. नेहमी फोन भावजय लावून देते. हा त्यानं स्वतः लावला होता. "तुज्या सांगलीत डॉक्टर हाय म्हनत हुतीस," तो म्हणाला. "कितीला उघडतो?"

सांगलीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मी धास्तावले होते, कारण भाऊ सुभेदाराच्या खालच्या माणसाचं फारसं ऐकून घेत नाही. वेटिंग रूममध्ये तो कोपऱ्यातली खुर्ची ओढून, पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे करून बसला. आत गेल्यावर त्यांनी पराक्रमाबद्दल एक शब्द विचारला नाही. झोप लागते का, विचारलं. जेवताना पाठ कुठं करून बसता, विचारलं. त्याच्या पराक्रमाबद्दल न विचारणाऱ्या त्या बहुधा जिल्ह्यातल्या पहिल्याच असाव्यात, आणि त्यामुळेच तो त्यांच्याशी बोलला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "हुशार हाय. भाषण न्हाई केलं."

त्यांनी जे समजावलं ते सोपं होतं. शरीर अजून पहाऱ्यावर आहे. त्याला कुणी कळवलेलंच नाही की पाळी संपली. त्यामुळे साधा दिवस म्हणजे त्याला काहीतरी घडण्याआधीची वाट वाटते, आणि ती वाट असह्य असते. प्रत्यक्ष धोका आला की निदान वाट तरी संपते. गोळ्या दिल्या, बोलायला दर पंधरा दिवसांनी यायला सांगितलं, आणि गृहपाठ दिला. हॉटेलात दाराकडे पाठ करून बसायचं आणि चहा संपवायचा. भडंगाच्या दुकानापुढे रांगेत उभं राहायचं, मागं न बघता. सगळ्यात अवघड गृहपाठ होता माझ्या बाल्कनीत अर्धा तास नुसतं बसण्याचा. समोर रस्ता, नारळाची दोन झाडं, क्लासला जाणाऱ्या मुली. आग्या मोहोळात हात घालणारा माणूस तिथे दहा मिनिटांत कासावीस होऊन आत आला आणि म्हणाला, "काय हुतच न्हाई तितं."

एका दुपारी, अशाच भेटीनंतर, तो माझ्या स्वयंपाकघरात लसूण सोलत बसला होता. मी भांडी लावत होते. भावजय आत पडली होती. त्यानं विचारल्याशिवायच सांगायला सुरुवात केली. एक घर होतं. आत माणसं लपली होती. दारातून पहिल्यांदा जायची पाळी त्याची होती.

"माझ्या बुटाची लेस सुटलेली," तो म्हणाला. "जोडीदार म्हनला, बांध तू, मी जातो."

लसणाच्या पाकळीचं साल निघेना. त्यानं ती बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.

"लेस बांधून हुईस्तवर सगळं झालं. तवापास्नं मीच पयला जातो. कुटंबी."

मी हातातलं ताट होतं तसं धरून उभी राहिले. तो सोलत राहिला. त्या दिवशी त्यानं इतका लसूण सोलला की निम्मा मी शेजारी वाटला.

नंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. एकदा परत जाताना त्यानं भावजयीला एसटीत बसवलं, काम आहे म्हणून सांगितलं, आणि स्वतः उसाच्या ट्रॅक्टरला लागलेल्या दोन ट्रॉल्यांच्या मधल्या दांड्यावर उभा राहून, वरच्या उसाला धरून, पार पुढच्या कारखान्यापर्यंत गेला. पण तिथे उतरल्यावर त्यानं तिला फोन करून ते सांगितलं. पूर्वी तो सांगत नसे, लोकांकडून कळायचं. डॉक्टरीणबाईंनी दांड्याबद्दल त्याला झापलं आणि फोनबद्दल समाधान व्यक्त केलं. भावजयीनं फक्त झापलं.

या फेऱ्यांमध्ये तिला सांगलीत रिकामा वेळ मिळू लागला. माझी जुनी स्कूटी खाली धूळ खात होती. एका सकाळी ती म्हणाली, "वन्सं, मला शिकायची हाय." मला वाटलं चेष्टा करते. तिचं म्हणणं होतं की नवऱ्याच्या मागं बसून बसून तिला घाटातली सगळी वळणं पाठ झाली आहेत, पण डोळे मिटून. आता ती उघड्या डोळ्यांनी बघायची आहेत. विश्रामबागेतल्या मागच्या गल्ल्या सकाळी मोकळ्या असतात. शिकवायला भाऊ मागं बसला.

मी बाल्कनीतून पाहत होते. स्कूटी दोन झटके देऊन निघाली आणि मग अनपेक्षित वेगानं कोपऱ्याकडे गेली.

"आगं, फुडं बघ," भावाचा आवाज आला.

"बगत्याय की."

"डावीकडनं रिक्षा हाय. आगं, रिक्षा."

"दिसतीया मला. तुमी डोळं मिटा."

रिक्षावाल्यानं ब्रेक मारला आणि काहीतरी सुनावलं. स्कूटी वळली, दिसेनाशी झाली, आणि बऱ्याच वेळानं उलट्या बाजूनं परत आली. भावजयीचा चेहरा फुललेला होता. "वन्सं, हँडल आपल्या हातात असलं की भ्याच वाटत न्हाई," ती म्हणाली. "आता कळलं ह्यांना त्यो खांब कशापायी ग्वाड लागायचा."

भाऊ जिना चढून वर आला. माझ्यासमोर त्यानं दोन्ही हात उताणे धरले. डाव्या तळव्यावर भाजल्याची गुळगुळीत खूण होती. दोन्ही तळवे ओले होते.

"आक्का, बघ," तो म्हणाला.

"पाणी देऊ?"

"न्हाई. बघ नुसतं. लय दिवसांनी." मग तो बाल्कनीत जाऊन बसला, आपल्या हातांकडे बघत, आणि चहा होईपर्यंत उठला नाही. पुढच्या भेटीत त्यानं हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तेव्हा त्या हसल्या आणि गोळी अर्ध्यावर आणली. त्यानं विचारलं, "म्हंजे मी भ्यालो हे चांगलं झालं?" त्या म्हणाल्या, "फार चांगलं झालं. आता कशाला भ्यायचं आणि कशाला नाही, ते ठरवू." परत येताना रिक्षात तो हळूच म्हणाला, की आता थोडा थोडा पैरा फिटेल. भावजय म्हणाली, अजून सतरा वर्षांचा बाकी आहे.

हल्ली गावात त्याला कुणी खांबावर बोलावत नाही. वायरमन आला की तो खाली उभा राहतो, आणि वरच्या माणसानं हातमोजे घातलेत का ते बघतो. बाकीच्या वेळी तो मेढ्याच्या बाजारात भाजी घेतो आणि दरावरून घासाघीस करतो. मोटारसायकल घरी आहे; एकटा असला तरी घाटात इंजिन चालू असतं, असं ज्याला बीपी आहे तो ड्रायव्हर सांगतो.

शौर्य आणि भीती यांच्या नात्यावर मी आयुष्यभर बरंच काही वाचलं. या दोघांकडे पाहून त्यावर आपणही एक नेमकं, गंभीर वाक्य लिहावं, असं गेल्या आठवड्यात मनात आलं आणि मी कागद पुढे ओढला. तेवढ्यात भावाचा फोन आला. भावजय त्या दिवशी साताऱ्याला लायसन्सच्या परीक्षेला गेली होती. ती नापास झाली. आठचा आकडा काढताना तिचा पाय दोनदा जमिनीला टेकला.